हजेरीपटातून गळालेली नावं

पार्किन्सन्सच्या आधारगटाचा अभ्यास करायचा म्हटलं की संयोजक मुलाखतींसाठी हमखास नियमित येणारी, छान बोलणारी माणसं सुचवतात. त्यांना ‘गटाचा उपयोग होतो का?’ विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. ज्यांना उपयोग झाला नाही, ते यायचे केव्हाच थांबलेले असतात. अशा एकांगी निष्कर्षांवरच ‘गटात या, आजार पळवा’ असले दावे पोसले जातात. गटातून धीर मिळतो, माहिती मिळते. पण या आजारात मेलेल्या, डोपामिन (हालचालींना लागणारं मेंदूतलं रसायन) तयार करणाऱ्या मेंदूपेशी परत मिळत नाहीत.

मग चिठ्ठ्या टाकाव्यात? मोठ्या सर्वेक्षणात जरूर. पण १५-२० मुलाखतींत मोजक्या वेगळ्या माणसांची चिठ्ठी निघेलच असं नाही. इथे निवड हेतुपुरस्सर करावी लागते. एक तक्ता आखा. आडव्या ओळींत आजार किती वाढला हे १ ते ५ मध्ये सांगणाऱ्या होन-यार मापनाच्या (१९६७) पायऱ्या : १-२, ३ आणि ४-५. तिसरीवर तोल जाऊ लागतो. पाचवीवर मदतीशिवाय अंथरूण किंवा चाकाची खुर्ची सुटत नाही. उभ्या रकान्यांत नियमित येणारे, अधूनमधून येणारे, सोडून गेलेले. चौकटी ९, प्रत्येकीत निदान २ माणसं. स्त्रिया, एकटे राहणारे आणि पन्नाशीच्या आत निदान झालेले त्यांत आले का, हेही तपासा.

४-५ पायरीवरचे, गट सोडलेले ही चौकट भरता भरत नाही. त्यासाठी जुने हजेरीपट चाळायचे आणि मुलाखतीला घरी जायचं. पहिला फोन मात्र गटाच्या कार्यकर्त्यानेच करावा. परवानगीशिवाय नंबर देणं गैर, शिवाय मधल्या काळात कुणी दगावलेलंही असू शकतं.

वेळ ठरवताना लेव्होडोपाच्या गोळीची वेळ विचारा. मेंदूत जाऊन डोपामिन होणारं हे औषध रक्तातून साधारण दीड तासात निम्मं होतं. आजार जुना झाला की मेंदूची डोपामिन साठवण्याची ताकद घटते आणि गोळीचा अंमल रक्तातल्या पातळीबरोबर चढू-उतरू लागतो. उतरत्या वेळी तोच माणूस अडखळतो, आवाज पुटपुटण्याइतका खाली जातो. त्याला ‘बोलका नाही’ म्हणून वगळलं, तर निवड पुन्हा फसली. गोळीनंतर तासाभराने बसा, माइक कॉलरला लावा, उत्तरासाठी थांबा. निर्विकार चेहरा हे आजाराचं लक्षण आहे, अनास्थेचं नाही. जोडीदाराची मुलाखत वेगळी घ्या, नाहीतर तोच उत्तरं देतो.

किती मुलाखती पुरेत? २००६च्या एका गाजलेल्या अभ्यासात ६०पैकी पहिल्या १२ मुलाखतींतच बहुतेक मुद्दे आले होते. पण तो गट बराचसा एकसारखा होता. आपल्या तक्त्यात प्रत्येक ओळीचं जगणंच निराळं. तिथे बाराव्या मुलाखतीला थांबता येत नाही.