घरातले, बाहेरचे, ठेवणीतले: अमेरिकन आणि युरोपियन कपड्यांचा घोळ

हरमलच्या किनाऱ्यावर शॅक चालवणाऱ्या एखाद्या गोंयकाराला सांगून बघा की युरोपियन माणसं फार टापटीप राहतात. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग समोरून उघड्या अंगाने स्कूटरवर चाललेल्या जर्मनाकडे. तरीही युरोप टूरचा हंगाम आला की तो फॉरवर्ड फिरतोच: अमेरिकन गबाळे, युरोपियन नीटनेटके, म्हणून तिकडे पांढरे बूट नेऊ नका, नाहीतर लोक अमेरिकन समजतील. चेहरा सांगलीचा असताना बुटांवरून कोण आपल्याला अमेरिकन समजणार आहे, देव जाणे. शिवाय सगळ्यात प्रसिद्ध पांढरा बूट, स्टॅन स्मिथ, हा जर्मन कंपनीचा. आधी त्यावर नाव होतं फ्रेंच टेनिसपटू रोबेर आयेचं, अमेरिकन नाव नंतर आलं.

किरकोळ फरक उरकून टाकू. अमेरिकन नऊ नंबरचा बूट तिकडे साधारण बेचाळीस. इंग्रजी टायचे तिरके पट्टे डाव्या खांद्याकडून खाली उजवीकडे उतरतात, ब्रुक्स ब्रदर्सने अमेरिकेत ते उलटे केले. न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कवरून संध्याकाळच्या समारंभातल्या ज्या काळ्या सुटाला अमेरिकन 'टक्सिडो' म्हणतात, तो इंग्रजांचा डिनर जॅकेट आणि फ्रेंचांचा 'स्मोकिंग'. 'वेस्ट' मागितलात तर लंडनला बनियन मिळेल, न्यूयॉर्कला सुटातलं जाकीट. झालं.

आणि कृपा करून रोममध्ये दिवसभर चालायला निघालेल्या ओहायोच्या आजोबांची तुलना मिलानच्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या वकिलाशी करू नका. एक सुट्टीवर आहे, दुसरा कामावर. तो वकील सुट्टीत कसा दिसतो ते हरमलला विचारा.

खरा घोळ पुढेच आहे. लोकांना वाटतं अमेरिकन कॅज्युअल, युरोपियन फॉर्मल. हे चूक आहे, आणि ते कळायला आपल्या आईच्या कपाटाइतकं सोपं साधन दुसरं नाही. त्यात तीन कप्पे असतात: घरातले, बाहेर जायचे आणि ठेवणीतले. गाऊनवर वाण्याकडे जायचं नाही आणि पैठणी नेसून भाजी आणायची नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

अमेरिकनाने यातला मधला कप्पा जवळजवळ रिकामा केला. घरातले कपडे तो बाहेर घालतो. हूडी, ट्रॅक पँट, कॉलेजच्या नावाचा स्वेटशर्ट हे तुम्हाला माहीतच आहे. घरटी एक नातेवाईक तिकडे आहे आणि हिंजवडीतही तोच गणवेश. टी-शर्टच मुळात तिथल्या नौदलाचा आतला कपडा. कारण साधं आहे. गॅरेजमधून गाडीत, गाडीतून दुकानाच्या दारात. मध्ये रस्ता लागतच नाही, मग रस्त्यासाठी कपडे कशाला? त्यात घरोघरी ड्रायर, त्यामुळे इस्त्री लागणारा कपडा आपोआप मागे पडतो.

पण त्याचा ठेवणीतला कप्पा शाबूत आहे, नुसता शाबूत नाही, कडक आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रविवारी बायकांच्या टोप्या बघा. मिसिसिपी विद्यापीठात फुटबॉलच्या सामन्याआधी 'द ग्रोव्ह' नावाच्या झाडीत लोक टाय आणि ठेवणीतले फ्रॉक घालून जेवायला बसतात. फुटबॉलला! शाळा संपताना पोरं प्रॉम नावाच्या नाचाच्या समारंभासाठी भाड्याने टक्सिडो आणतात.

युरोपात उलट. तिथे वजन मधल्या कप्प्यावर आहे. इटलीत संध्याकाळी गावातल्या मुख्य रस्त्यावर फेरी मारायची पद्धत आहे, तिला 'पासेजाता' म्हणतात. दिवाळीत आपण लक्ष्मी रोडला जातो तसं, पण रोज, आणि खरेदी नाही, नुसतं दिसायचं आणि बघायचं. ट्राम, फुटपाथ, चौक ही माणसं असायची जागा आहे, म्हणून तिथे 'बाहेरचे' कपडे लागतात. मात्र ते फॉर्मल नसतात. टाय सुटलेला असतो, जॅकेट मऊ असतं, खांद्यात भरणी नसते (नेपल्सच्या शिंप्यांची ही खासियत, आणि माझ्या मते जगातलं सगळ्यात सुंदर शिवणकाम). युरोपियनाचं कॅज्युअल म्हणजे फॉर्मल कपडा सैल केलेला. अमेरिकनाचं कॅज्युअल म्हणजे खेळाच्या मैदानावरून आणलेला. 'कॅज्युअल' हा एकच शब्द दोघांना लावला की सगळी गडबड सुरू होते.

पटत नसेल तर दोन सभागृहं बघा. 2017 मध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने ठरवलं की पुरुष सदस्यांना जॅकेट-टायची सक्ती नाही. त्याच वर्षी फ्रांस्वा र्‍युफँ नावाचे खासदार फुटबॉलची जर्सी घालून बोलायला उभे राहिले, तर त्यांना 1,378 युरो दंड झाला. टाय नको, चालेल. मैदानावरचा कपडा, अजिबात नाही. इकडे अमेरिकन सिनेटर जॉन फेटरमन हूडी आणि हाफ पँटमध्ये वावरतात. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सिनेटने पोशाखाचा नियम जरा ढिला सोडला, आणि त्याच महिन्यात एकमताने ठराव झाला: सभागृहात पुरुषांना कोट, टाय, लांब पँट. मग आता यातलं फॉर्मल कोण?

जर्मनीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. नवरा-बायकोची एकसारखी पावसाळी जॅकेटं, सँडलमध्ये मोजे. दिसायला भयंकर, मान्य. पण ते जॅकेट निगुतीने निवडलेलं, महागडं आणि खास बाहेरसाठीचं असतं, म्हणजे कप्पा तोच. 1985 मध्ये ग्रीन पक्षाचे योश्का फिशर हेसन राज्यात मंत्रिपदाची शपथ घ्यायला पांढरे नाइकी बूट घालून गेले, तर त्याचं इतकं नवल झालं की ते बूट पुढे संग्रहालयात ठेवले गेले. नॉर्वेवाले मात्र माझ्या मांडणीत बसत नाहीत: 17 मेला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनाला, देशभर लोक 'बुनाद' हा पारंपरिक पोशाख घालतात, आणि तसला ठेवणीतला कप्पा अमेरिकेतही नाही.

तेव्हा टूरला जाताना पांढरे बूट खुशाल न्या, फक्त धुऊन न्या. व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तिथे बूट कोणी बघत नाही. काळजी घ्यायची ती न्यू जर्सीतल्या लग्नाला. पत्रिकेत तळाशी 'ब्लॅक टाय', म्हणजे टक्सिडो घालून या, असं असेल तर ते मनावर घ्या. काळा बंदगळा चालून जातो. जीन्सवर नेहरू जॅकेट घालून गेलात, तर वाढपीसुद्धा तुमच्यापेक्षा टापटीप दिसेल.