रोज येणारं गिऱ्हाईक आणि आपलं गिऱ्हाईक

"आमची गिऱ्हाइकं पक्की आहेत हो, वर्षानुवर्षं येतात." दादर-परळकडच्या दुकानदारांकडून हे सारखं ऐकू येतं. मग जवळ सुपरमार्केट उघडतं किंवा दहा मिनिटांत सामान पोचवणारं ॲप येतं, आणि तेच दुकानदार "लोकांना आता ओळख राहिली नाही" म्हणून हळहळतात. लोकांचा यात दोष नाही. ती माणसं रोज येत होती, एवढंच. दुकानाशी ती कधी जोडली गेलीच नव्हती.

रोज येणाऱ्याबद्दल फार सांगायला नको. दुकान स्टेशनच्या वाटेवर आहे, सकाळी दूध-पाव मिळतो, म्हणून तो येतो. त्याच्यावर दुकानाचं भाडं निघतं, तेव्हा त्याला कमी लेखू नका. पण तो किती वर्षं येतोय, किती रुपयांचं नेतो, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे की नाही, यावरून तो टिकेल का ते ठरत नाही.

ते कळतं काहीतरी बिघडल्यावर. समजा, तांदळात किडे निघाले. रोज येणारा काहीच बोलत नाही. पुढच्या महिन्यापासून तांदूळ दुसरीकडून आणतो आणि तुमच्याकडून दूध-पाव नेत राहतो. सकाळी समोर दिसतो, त्यामुळे तो निम्मा गेलाय हे तुमच्या लक्षातही येत नाही. आपलं गिऱ्हाईक मात्र पिशवी घेऊन येतं आणि गल्ल्यासमोर, चारचौघांत विचारतं, "काका, हा काय तांदूळ दिलात?"

नेमकं इथेच बहुतेक दुकानदार उलटं समजतात. बोलणारा तो कटकट्या, गुपचूप नेणारा तो चांगला! अहो, बोलणाऱ्याला पुढचाही तांदूळ तुमच्याकडूनच घ्यायचाय, म्हणून तर तो जिने उतरून आला. त्याला चार लोकांसमोर "आमच्याकडे असा माल नसतोच" म्हणालात, की तोही पुढच्या वेळी गप्प बसेल.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी मला म्हणूनच बघवत नाही. बोलायला येणाऱ्यालाच ती दारात अडवते. शिवाय सदोष मालाच्या बाबतीत ती कायद्यातही बसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आजच काढा ती पाटी.

गिऱ्हाईक गळायला लागलं की सूट लावायची, हा दुसरा घोळ. १०० रुपयांच्या विक्रीत २० रुपये नफा सुटतो असं धरा. १० टक्के सूट दिलीत की सुटतात १०, म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट माल विकायला हवा. किराण्यात तर कितीतरी वस्तूंवर २० सुटतही नाहीत. सुपरमार्केटची मोठी साखळी थेट कंपनीकडून ट्रकने माल उचलते, तिच्याशी भावात झुंजणं तुमच्या ताकदीचं नाही. सूट बघून आलेला माणूस आणखी एक रुपया कमी दिसला की तिकडे जाणार. पडून राहिलेला माल काढायला सूट जरूर द्या. माणूस टिकवायला तिचा उपयोग नाही.

मग करायचं काय? लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल-मेमध्ये जाऊन बघा. तयार तिखट-मसाला सगळीकडे मिळत असताना बायका तिथे बेडगी, शंकेश्वरी, काश्मिरी मिरची हाताने निवडून घेतात, खडा मसाला भाजून घेतात आणि आपल्या घरच्या प्रमाणात समोर कुटून घेतात. अशा वेळी मुरलेला दुकानदार विचारतो, "मागचा मसाला जास्त तिखट झाला होता का?" हा प्रश्न फुकट आहे, आणि तक्रार मनात कुजायच्या आत ती बाहेर काढतो. "तांदूळ मोकळा शिजला का?", "डाळ लवकर शिजते ना?" हे कुठल्याही किराणावाल्याला रोज विचारता येईल.

आणि पिशवी परत आलीच, तर चर्चा न करता बदलून द्या. मग त्याच गोणीतला तांदूळ आणखी कुणाकुणाकडे गेला ते आठवा आणि संध्याकाळच्या आत त्यांना फोन करा.