‘साऊंड’ या एका शब्दातले चार शब्द

मांडवातल्या कर्ण्यांपासून मोबाईलपर्यंत सर्वत्र ऐकू येणारा ‘साऊंड’ हा शब्द आता मराठीत पुरता रुळला आहे. इंग्रजीत मात्र या एकाच रूपाखाली वेगवेगळ्या वाटांनी आलेले चार शब्द नांदतात.

आवाज या अर्थाचा ‘साऊंड’ लॅटिनमधील ‘सोनस’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा तो नुसता ‘सून’ होता; शेवटचा ‘ड’ त्याला पंधराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. हे कसे घडते, ते स्वतःच्या तोंडात तपासून पाहण्यासारखे आहे. ‘न’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकलेले असते आणि मऊ टाळू खाली झुकून हवेला नाकाची वाट मोकळी करून देतो. जीभ सुटण्याच्या क्षणभर आधीच टाळू वर उचलला गेला, तर नाकाची वाट बंद होते, हवा जिभेमागे अडते आणि सुटताना ‘ड’ किंवा ‘द’सारखा स्फोट ऐकू येतो. मेघगर्जनेसाठीच्या ‘थंडर’ या शब्दातला ‘ड’ही असाच मागाहून आला; जुन्या इंग्रजीत तो ‘थुनोर’ होता. संस्कृत ‘वानर’चे हिंदीत ‘बंदर’ झाले, त्यातला ‘द’ याच कारणाने आला आहे.

‘सोनस’ आणि संस्कृत ‘स्वन’ यांचे मूळ एकच. त्यामुळे भाषाविज्ञानातला ‘स्वनिम’, म्हणजे अर्थभेद करणारा भाषेतला सर्वांत लहान ध्वनिघटक, आणि दवाखान्यातली ‘सोनोग्राफी’ हे शब्द दूरचे का होईना, पण सख्ख्या कुळातले आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

निरोगी, भक्कम या अर्थाचा ‘साऊंड’ जर्मन ‘गेझुंट’चा भाऊबंद आहे; गाढ झोपेला ‘साऊंड स्लीप’ म्हणतात ते त्यामुळेच, आवाजाशी त्याचा संबंध नाही. सामुद्रधुनीला दिलेले ‘साऊंड’ हे नाव पोहणे या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आले असून डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या ‘ओरेसुंड’मध्ये ते आजही दिसते.

चौथा ‘साऊंड’ खलाशांचा. दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडायचे आणि खोली मोजायची, या कामासाठीचे हे क्रियापद फ्रेंच ‘सोंदे’वरून आले. त्याचाही आवाजाशी संबंध नव्हता. पुढे विज्ञानाने तो जोडून दिला. 1912 साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर समुद्रातील हिमनग ध्वनीच्या साहाय्याने शोधता येतील का, याचा विचार करताना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम यांच्या हाती खोली मोजण्याची रीत लागली आणि 1913 साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर धावतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. जहाजावरून सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी 4 सेकंदांनी परतला, तर जाण्यायेण्याचे अंतर 6,000 मीटर आणि तळ 3,000 मीटरवर असतो. 1925 ते 1927 या काळात ‘मेटेऑर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये अशी हजारो मोजमापे घेतली आणि शिशाच्या गोळ्याचे काम प्रतिध्वनीकडे गेले. त्या उपकरणाला इंग्रजीत ‘इको साऊंडर’ म्हणतात. यातला ‘साऊंडर’ खलाशांचा आहे, आवाजाचा नव्हे.