थंडरबर्ड सुरू होताच बंद पडणे

मोझिला थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्रॅम उघडताना किंवा उघडल्यावर काही क्षणांतच आपोआप बंद होण्याची अवस्था, आणि तिचे कारण शोधून काढण्याची पद्धत. वापरणारे साधारणपणे ‘उघडला की क्रॅश होतो’ किंवा ‘विंडो येते आणि लगेच जाते’ असे तिचे वर्णन करतात. थंडरबर्डची १.० ही आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी आली. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, फायरफॉक्सशी बराचसा कोड वाटून घेतो आणि २०२० पासून त्याचे काम मोझिला फाउंडेशनची उपकंपनी असलेली एमझेडएलए टेक्नॉलॉजीज कॉर्पोरेशन पाहते.

ब्राउझर बंद पडला तर फार तर उघडी पाने जातात. ईमेल प्रोग्रॅम बंद पडला की माणूस धास्तावतो तो वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारासाठी, आणि त्या धास्तीतच सगळे काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल करायला घेतो. या अडचणीत टपाल गमावले जाते ते बहुधा क्रॅशमुळे नव्हे, तर अशा घाईच्या दुरुस्तीमुळे. म्हणून या नोंदीत उपायांइतकेच महत्त्व त्यांच्या क्रमाला दिले आहे.

प्रोग्रॅम वेगळा, प्रोफाइल वेगळे

थंडरबर्डचे दोन भाग संगणकावर दोन ठिकाणी राहतात. पहिला भाग म्हणजे खुद्द प्रोग्रॅम. विंडोजवर तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतो आणि सगळ्यांकडे तो एकसारखाच असतो. दुसरा भाग म्हणजे प्रोफाइल. खाती, पासवर्ड, ॲड्रेस बुक, फिल्टर, ॲड-ऑन (वरून जोडलेल्या जादा सोयी) आणि उतरवून घेतलेले सगळे टपाल या एका फोल्डरात असते. विंडोजवर तो वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातील रोमिंगमध्ये, मॅकवर लायब्ररीमध्ये, तर लिनक्सवर होम फोल्डरातील ‘.थंडरबर्ड’ या लपवलेल्या फोल्डरात सापडतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात २४.०४ आवृत्तीपासून थंडरबर्ड स्नॅप या वेगळ्या धाटणीच्या पॅकेजच्या रूपात येतो, त्यामुळे तिथे प्रोफाइल होम फोल्डरातील ‘स्नॅप’ या फोल्डरात असते. जुन्या जागी शोधणाऱ्याला ते दिसत नाही आणि सारे गेले असे वाटते.

ही विभागणी कळली की पुष्कळसा गोंधळ मिटतो. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकल्यावरही क्रॅश तसाच राहिला, असा अनुभव अनेकांना येतो. कारण साधे आहे: दोष प्रोफाइलमध्ये असेल तर नवा प्रोग्रॅम त्याच दोषी प्रोफाइलला जाऊन चिकटतो. उलट दोष प्रोग्रॅमच्या फाइलींत असेल, उदाहरणार्थ अपडेट चालू असताना वीज गेली असेल, तर पुन्हा इन्स्टॉल केल्याने तो खरोखर जातो आणि प्रोफाइलला धक्काही लागत नाही.

कोणत्याही दुरुस्तीच्या आधी प्रोफाइलचा पूर्ण फोल्डर दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो बाहेरच्या डिस्कवर, कॉपी करून ठेवावा. थंडरबर्ड पूर्ण बंद आहे याची टास्क मॅनेजरमध्ये खात्री करूनच हे करावे. खाते आयमॅप पद्धतीचे असेल तर टपालाची मूळ प्रत सर्व्हरवर असते आणि जोखीम कमी असते. पॉप पद्धतीत मात्र ठरावीक दिवसांनी सर्व्हरवरचे टपाल काढून टाकण्याची सोय असते, आणि ती चालू असेल तर जुन्या पत्रांची एकमेव प्रत याच फोल्डरात उरते. पॉप वापरणाऱ्याने ही कॉपी केल्याशिवाय एकही फाइल हलवू नये.

खरा क्रॅश आणि क्रॅशसारखे दिसणारे

‘थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’ असा संदेश आला तर तो क्रॅश नव्हे. प्रोफाइल एका वेळी एकाच प्रोग्रॅमने वापरावे यासाठी त्यात एक कुलूप-फाइल असते. आधीची प्रक्रिया पडद्याआड अडकून राहिली असेल तर कुलूप तसेच राहते. टास्क मॅनेजरमधून ती प्रक्रिया बंद केली किंवा संगणक पुन्हा सुरू केला की बहुधा प्रश्न सुटतो. तरी न सुटल्यास कुलूप-फाइल काढावी लागते.

दुसरा प्रकार आवृत्ती मागे नेल्याचा. ६८व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू देत नाही. नवे प्रोफाइल तयार करा किंवा बाहेर पडा, एवढेच पर्याय देतो. हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे, कारण डेटाबेसची रचना बदललेली असते. तो टाळून जबरदस्तीने उघडण्याची सोय आज्ञेतून आहे, परंतु नव्या आवृत्तीतल्या क्रॅशवर उपाय म्हणून ती वापरल्यास एकाऐवजी दोन दोष गळ्यात पडू शकतात.

बंद केव्हा पडतो ते पाहावे

निदानाचा सर्वांत उपयोगी धागा म्हणजे क्रॅशची वेळ. विंडो दिसण्याआधीच प्रोग्रॅम मरत असेल तर संशय प्रोग्रॅमच्या फाइली, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस यांच्यावर जातो. विंडो येऊन फोल्डरांची यादी दिसते आणि मग तो कोसळतो, तेव्हा शेवटचा उघडा असलेला फोल्डर किंवा एखादे ॲड-ऑन तपासावे. काही सेकंद सुरळीत चालून टपाल उतरू लागताच तो बंद पडत असेल तर सर्व्हरवरून येणारे एखादे पत्र किंवा त्याची नोंद करणारी अनुक्रमणिका संशयित ठरते.

शेवटची शक्यता पडताळण्याचा सोपा उपाय म्हणजे वायफाय बंद करून किंवा केबल काढून थंडरबर्ड सुरू करणे. नेटशिवाय तो टिकला तर दोष टपाल उतरवण्याच्या टप्प्यात आहे. मग सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीलाच टपाल तपासण्याचा पर्याय बंद करता येतो आणि खाती एकेक करून तपासता येतात. या साध्या प्रयोगाला खर्च काहीच नाही आणि तो पुढची कितीतरी खटपट वाचवतो, तरीही तो फारसा कोणी करत नाही.

ट्रबलशूट मोड

पूर्वी याला सेफ मोड म्हणत. विंडोजवर शिफ्ट आणि मॅकवर ऑप्शन की दाबून धरून थंडरबर्ड उघडला की तो या अवस्थेत सुरू होतो. यात सर्व ॲड-ऑन तात्पुरती बंद राहतात, मूळ थीम लागते आणि ग्राफिक्स कार्डाकडे काम सोपवणारे हार्डवेअर ॲक्सिलरेशनही बंद असते.

इथे प्रोग्रॅम नीट चालला तर टपाल शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. मग ॲड-ऑन बंद करून नेहमीच्या पद्धतीने सुरू करावे. चालला, तर ॲड-ऑन अर्धी-अर्धी चालू करून दोषी शोधावे. एकेक तपासण्यापेक्षा हे लवकर होते. सगळी ॲड-ऑन बंद असूनही नेहमीच्या पद्धतीने क्रॅश होत असेल तर सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशनची खूण काढावी आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा.

मोठ्या आवृत्तीनंतर ॲड-ऑनवर आधी संशय घ्यावा, याला इतिहासाचा आधार आहे. २०२० मध्ये आलेल्या ७८व्या आवृत्तीने जुन्या धाटणीच्या ॲड-ऑनचा आधार काढून घेतला आणि पत्रे संकेतबद्ध करणाऱ्या एनिग्मेल या लोकप्रिय ॲड-ऑनची जागा त्याच कामाच्या अंगभूत ओपनपीजीपीने घेतली. २०२३ च्या ११५व्या आवृत्तीत मुख्य विंडोची मांडणीच नव्याने रचली गेली. ज्यांच्या प्रोफाइलमध्ये अनेक वर्षांचे ॲड-ऑन आणि हाताने केलेले बदल साचलेले असतात, त्यांना अशा वेळी जास्त त्रास होतो.

प्रोफाइलमधील कोणती फाइल काढता येते

ट्रबलशूट मोडमध्येही क्रॅश होत असेल तर प्रोफाइल मॅनेजर उघडून एक नवे, रिकामे प्रोफाइल करावे. विंडोजच्या रन खिडकीत थंडरबर्डच्या नावापुढे वजा-पी (-p) ही खूण दिली की तो उघडतो. नवे प्रोफाइल चालले तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे हे पक्के. नवेही कोसळले तर दोष बाहेर आहे, आणि जुने प्रोफाइल चिवडत बसण्यात अर्थ नाही.

दोष जुन्या प्रोफाइलमध्ये निघाला म्हणून ते टाकून द्यायचे नसते. त्यातल्या काही फाइली केवळ मूळ माहितीवरून बनवलेल्या असतात, त्या काढल्या तरी थंडरबर्ड पुन्हा तयार करतो. ‘स्टार्टअपकॅश’ हा फोल्डर, विंडोचे आकार आणि मांडणी लक्षात ठेवणारी ‘झूलस्टोअर’ फाइल आणि फोल्डरांच्या यादीची ‘फोल्डरकॅश’ फाइल या त्यातल्या. सर्व पत्रांत शोध घेण्यासाठी बनवलेला ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ हा डेटाबेसही तसाच आहे. तो कधी कधी फार मोठा होतो, बिघडतो आणि सुरुवातीलाच घोळ घालतो. काढल्यावर तो पुन्हा बनायला वेळ लागतो, त्या काळात शोध अपुरा चालतो, पण पत्रे सुरक्षित असतात.

याच गटातल्या एमएसएफ फाइलींविषयी थोडे अधिक सांगायला हवे. टपालाच्या प्रत्येक फोल्डरासाठी थंडरबर्ड साधारणपणे दोन फाइली ठेवतो. एकीला विस्तार नसतो. ती एमबॉक्स या जुन्या, साध्या मजकुराच्या पद्धतीत असते आणि तिच्यात पत्रे एकाखाली एक साठवलेली असतात. दुसरी त्याच नावाची, एमएसएफ विस्ताराची, म्हणजे पहिलीची अनुक्रमणिका. ही अनुक्रमणिका मॉर्क नावाच्या नेटस्केपच्या काळातल्या पद्धतीत लिहिली जाते आणि संगणक अचानक बंद झाल्यावर बिघडू शकते. थंडरबर्ड बंद असताना एमएसएफ फाइली काढल्या तर पुढच्या वेळी त्या नव्याने बनतात. फोल्डरातील स्तंभांची आपण केलेली मांडणी तेवढी जाऊन मूळ मांडणी येते. विस्तार नसलेली फाइल मात्र चुकूनही काढू नये, कारण खरे टपाल तीच आहे. दोन्हींची नावे सारखी असल्याने इथे गफलत होते. विंडोजमध्ये फाइलींचे विस्तार दिसतील अशी सोय करून घेतल्याशिवाय या फोल्डरात हात घालू नये.

न काढण्याच्या आणखी काही फाइली अशा: खात्यांची माहिती ठेवणारी ‘प्रेफ्स’, पासवर्डांच्या ‘लॉगिन्स’ आणि ‘की-४’ (या दोन्ही एकत्र असल्या तरच उपयोगी), ॲड्रेस बुकची ‘एबुक’ आणि फिल्टरांची ‘एमएसजीफिल्टररूल्स’.

बाहेरची कारणे

अँटिव्हायरस हे वारंवार आढळणारे कारण आहे. तो थंडरबर्डच्या प्रक्रियेत स्वतःचा कोड घुसवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे एका बाधित पत्रासाठी इनबॉक्सची पूर्ण एमबॉक्स फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या बंदिस्त जागेत, टाकू शकतो. विंडोज स्वतःच्या सेफ मोडमध्ये नेटवर्कसह सुरू करून थंडरबर्ड चालतो का पाहिले की संशय दूर होतो किंवा पक्का होतो. प्रोफाइलच्या फोल्डराला अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळणे हा रूढ उपाय आहे. डिस्क भरलेली असणे आणि प्रोफाइल क्लाउडशी सतत जुळवल्या जाणाऱ्या फोल्डरात हलवलेले असणे, हीही कारणे तपासावीत. विंडोज ७, ८ आणि ८.१ वापरणाऱ्यांसाठी ११५ ही शेवटची आवृत्ती आहे.

क्रॅशचा अहवाल

थंडरबर्ड कोसळला की बहुधा अहवाल पाठवण्याची खिडकी येते. ती बंद करून टाकण्याची सवय अनेकांना असते, पण पाठवलेल्या अहवालाला ‘बीपी’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. त्याचे शेवटचे सहा अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. प्रोग्रॅम अजिबात उघडत नसेल तरी हे क्रमांक ‘क्रॅश रिपोर्ट्स’ फोल्डरातील ‘सबमिटेड’मध्ये सापडतात. मोझिलाच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाखाली प्रोग्रॅम कुठल्या ओळीत थांबला ते दिसते. सर्वांत वर इंटेल, एनव्हीडिया किंवा एएमडीच्या ड्रायव्हरची फाइल दिसली की अंदाजाने फाइली काढत बसण्याची गरजच राहत नाही. अहवालाची खिडकी आलीच नाही तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक १००० ची नोंद पाहावी, मॅकवर कन्सोल उघडावे, आणि लिनक्सवर टर्मिनलमधून प्रोग्रॅम सुरू करून तिथे उमटणारा मजकूर वाचावा.

आउटलुकशी तुलना

मायक्रोसॉफ्ट आउटलुकच्या विंडोजवरील पारंपरिक रूपातही मार्ग असाच आहे: आज्ञेपुढे ‘/सेफ’ लिहून ॲड-इनशिवाय सुरू करणे, कंट्रोल पॅनेलमधून नवे प्रोफाइल, आणि पीएसटी फाइल दुरुस्त करणारे ‘स्कॅनपीएसटी’ साधन. फरक साठवणुकीत आहे. आउटलुकचे सगळे फोल्डर एकाच पीएसटी फाइलीत असतात. या फाइलीच्या जुन्या पद्धतीला २ जीबीची मर्यादा होती. २०१० च्या आवृत्तीपासून ती मूळ सेटिंगमध्ये ५० जीबी झाली. थंडरबर्डमध्ये प्रत्येक फोल्डर वेगळ्या फाइलीत असल्याने एक बिघडला तरी बाकीचे वाचतात.

१५ जुलै २०२० रोजी जगभरातील अनेक संगणकांवर आउटलुक उघडताच बंद पडू लागला. नोंदींत ०xसी००००००५ हा त्रुटी-संकेत दिसत होता. वापरणाऱ्यांनी आपल्या संगणकावर काही बदललेले नव्हते, दोष मायक्रोसॉफ्टच्या बाजूने आलेल्या बदलात होता आणि दुरुस्तीही तिथूनच झाली. मधल्या काळात काहींनी आधीच्या आवृत्तीवर जाऊन काम चालवले. म्हणून काल चालणारा प्रोग्रॅम आज अचानक कोसळला तर इतरांनाही तेच होते आहे का, हे प्रोफाइलला हात लावण्याआधी पाहावे.

टपाल सोडवून आणणे

जुने प्रोफाइल काही केल्या उघडत नसेल तर नव्या प्रोफाइलमध्ये खाती पुन्हा बसवावीत. आयमॅपचे टपाल आपोआप उतरते. पॉपचे आणि स्थानिक टपाल आणण्यासाठी थंडरबर्ड बंद करून जुन्या प्रोफाइलच्या ‘मेल’ फोल्डरातील विस्तार नसलेल्या फाइली नव्या प्रोफाइलच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवाव्यात. तिथे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर न लिहिता आणलेल्या फाइलीचे नाव बदलावे. उपफोल्डर ‘एसबीडी’ विस्ताराच्या फोल्डरांत असतात, तेही सोबत न्यावेत. एमएसएफ फाइली नेऊ नयेत. पुन्हा सुरू केल्यावर पत्रे स्थानिक फोल्डरांत दिसू लागतात. संगणकावरच ठेवलेली दिनदर्शिका ‘कॅलेंडर-डेटा’ फोल्डरातील ‘लोकल’ नावाच्या डेटाबेसात असते आणि ती वेगळी आणावी लागते. एमबॉक्स फाइल साध्या मजकुराची असल्याने, एखादी फाइल थंडरबर्डमध्ये दिसलीच नाही तरी नोटपॅडसारख्या संपादकात उघडून तिच्यातील पत्रे वाचता येतात. मजकूर आणि जोडपत्रे तिथे बरेचदा संकेतबद्ध रूपात असतात, पण पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख सरळ वाचता येते.