कमी झोपेची शरीराला सवय होते का?

'चार-पाच तासांच्या झोपेची शरीराला हळूहळू सवय होते' असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. बोथट होते ती फक्त झोप अपुरी पडत असल्याची जाणीव. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिले, तेव्हा पडद्यावर आकडे दिसताच बटण दाबण्याच्या साध्या चाचणीतल्या त्यांच्या चुका दिवसागणिक वाढत जाऊन अखेरीस रात्रभर जागलेल्या माणसांइतक्या झाल्या. गंमत म्हणजे, पेंगुळलेपण मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसे वाढल्याचे त्यांना जाणवले नाही.

दीर्घकाळ कमी झोपणाऱ्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात. मोजक्या रात्री झोप तोडली तरी इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. जनुकीय बदलामुळे थोड्या झोपेवर खरोखरच भागणारी माणसे असतात, पण फार विरळ. गजराशिवाय जाग येत नसेल आणि सुटीच्या दिवशी झोप दोन-तीन तासांनी लांबत असेल, तर आपण त्यांच्यापैकी नाही, असेच समजावे. बहुतेक प्रौढांना किमान सात तास लागतात.