होई आन ते ह्वे : आपली गाडी घाटानेच का जाते?

व्हिएतनाम सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत होई आन ते ह्वे या साधारण 130 किलोमीटरच्या प्रवासाला आम्ही जवळजवळ अख्खा दिवस दिला आहे. ‘एवढा वेळ कशाला?’ असं बरेच जण विचारतात, म्हणून हे पत्रक.

वाटेतलं दा नांग शहर सोडलं की दोन रस्ते आहेत. एक 2005 मध्ये सुरू झालेल्या हाय व्हान बोगद्यातून जातो. सहा किलोमीटरहून थोडा जास्त, काही मिनिटांत माणूस डोंगरापलीकडे. दुसरा 21 किलोमीटरचा जुना घाट. आम्ही घाटच निवडतो. हाय म्हणजे समुद्र, व्हान म्हणजे ढग, आणि वर दोन्ही भेटतात. जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, त्यामुळे उजव्या खिडक्या अर्ध्या वाटेत अदलाबदल करून घ्याव्यात. माथा सुमारे 500 मीटरवर. तिथे मिन्ह मांग राजाने 1826 मध्ये बांधलेलं विटांचं नाकं आहे आणि त्याला खेटून नंतरच्या युद्धांतले काँक्रीटचे मोर्चे. ढग आले की दहा पावलांवरची कमानही दिसत नाही. थोडं थांबा, उघडतं. उत्तरेकडून येणारा गार वारा हाच डोंगर अडवतो. म्हणून हिवाळ्यात दा नांगला ऊन असलं तरी पलीकडे झिमझिम असू शकते. जॅकेट मोठ्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. घाट लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गोळी घ्यावी.

गाडी किंवा बाईक स्वतः चालवायची विचारणा होते. आम्ही ती व्यवस्था करत नाही. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारातला असतो आणि व्हिएतनाम 1968 च्या करारातला मानतो. अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात.

ह्वे ही 1802 ते 1945 न्गुएन घराण्याची राजधानी. कोटाची भिंतच सुमारे दहा किलोमीटर. 30 ऑगस्ट 1945 रोजी शेवटचा बादशहा बाओ दाय याने न्गो मोन दरवाजावरून राज्यत्याग जाहीर केला. पुढे 1947 आणि 1968 च्या लढायांत आतले बरेचसे महाल गेले. त्यामुळे दरवाजातून आत गेल्यावर मोकळी हिरवळ लागते. तिथे जोती बघत सावकाश चाला. ते गवत म्हणजेच राजवाडा होता. याच घराण्यातल्या खाय दिन्ह बादशहाच्या समाधीत भिंतींवर फुटक्या चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची फुलं, पक्षी जडवले आहेत. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर कपबशीची कडही ओळखू येते. मात्र पायऱ्या शंभराहून जास्त आहेत, गुडघेदुखी असेल तर आधी सांगा.

शाकाहारी मंडळींना ह्वेमध्ये अडचण नाही. पाटीवर ‘चाय’ दिसलं तर ते शाकाहारी हॉटेल समजा, चहाचं नव्हे! इतर ठिकाणी मात्र नुसत्या भाजीतही माशाचा सॉस पडतो. आमचा वाटाड्या दर वेळी विचारून घेतो, तुम्हीही त्याला आठवण करा.

ऑक्टोबर ते डिसेंबर ह्वेत पाऊस आणि पूर. त्या महिन्यांत आम्ही हा टप्पा ठेवत नाही.