शिक्षेचा धाक आणि नीतीची चाड

शिक्षेच्या भीतीने गैरवर्तन टाळणारा माणूस आणि ते मुळातच गैर वाटते म्हणून टाळणारा माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोघेही चोरी करत नाहीत, दोघेही कर वेळेवर भरतात, आणि म्हणूनच शिक्षा कडक केली की माणसे नीतिमान होतील असा समज सहज रुजतो. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ मध्ये हा भेद मांडताना अननुभवी गिऱ्हाइकालाही न फसवणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण दिले होते. हा दुकानदार धंद्याच्या हितासाठी प्रामाणिक असेल, तर त्याचे वागणे कर्तव्याला धरून असले तरी कर्तव्यबुद्धीतून आलेले नसते.

धाक आणि चाड यांतला फरक उघड होतो तो पहारा उठल्यावर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एका आकर्षक यंत्रमानवाशी खेळण्यास मनाई केली होती. काहींना ‘खेळलास तर मी फार रागावेन’ अशी जरब दिली गेली, तर काहींना ते खेळणे घेणे चुकीचे आहे एवढेच सांगितले गेले. त्या वेळी जवळजवळ सर्वांनीच मनाई पाळली. काही आठवड्यांनी, धमकी देणारी व्यक्ती समोर नसताना, तेच खेळणे पुन्हा हाताशी आले, तेव्हा जरब बसलेल्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुले त्याच्याशी खेळली. सौम्यपणे सांगितलेल्यांपैकी मात्र एक तृतीयांशाहूनही कमी. मोठी धमकी मुलाला न खेळण्याचे कारण आयते पुरवते. ती नसली की स्वतःच्या मनाला पटेल असे कारण त्याला शोधावे लागते, आणि असे शोधलेले कारण पुढेही टिकते, असा याचा अर्थ लावला जातो.

कधी कधी तर शिक्षा असलेली चाडही घालवते. इस्राएलमधील हैफा येथे काही पाळणाघरांनी मुलांना नेण्यासाठी दहा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. अर्थशास्त्रज्ञ उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले. आपल्यामुळे कोणीतरी खोळंबून बसले आहे ही टोचणी जाऊन त्या जागी पैसे मोजून मिळणारी सवलत आली असावी. दंड रद्द केल्यावरही उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही, ही गोष्ट मला सर्वांत चिंताजनक वाटते.

यावरून धाक नकोच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ७ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅनडातील माँट्रियल शहराचे पोलीस संपावर गेले, तेव्हा काही तासांतच बँकांवर दरोडे पडले आणि दुकाने लुटली गेली. शिवाय लबाडांना मोकळे रान मिळाले की सरळ वागणाऱ्यालाही आपण मूर्ख ठरत आहोत असे वाटू लागते. त्याला या भावनेपासून वाचवणे हे शिक्षेचे फार मोठे काम आहे आणि ते सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यासाठी शिक्षा क्रूर असण्याची गरज नसते. ती अटळ असावी लागते, हे इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच सांगून ठेवले आहे.

धाक सर्वांत जास्त नडतो तो जिथे खरे बोलणे हेच नीतीचे काम असते तिथे. चूक कबूल केली की शिक्षा होणार हे ठाऊक असलेला माणूस चूक टाळण्यापेक्षा ती लपवण्यात तरबेज होतो, आणि इतरांना तिच्यापासून शिकता येत नाही. अमेरिकेच्या विमानवाहतुकीत १९७६ पासून चालू असलेल्या गोपनीय नोंद व्यवस्थेने यावर तोडगा काढला आहे. नकळत नियमभंग झालेल्या वैमानिकाने ठरावीक मुदतीत स्वतःहून माहिती दिली, तर काही अटींवर त्याला दंड माफ होतो. मात्र जाणूनबुजून केलेल्या नियमभंगाला किंवा गुन्ह्याला ही माफी लागू होत नाही.